निरक्षराची स्वाक्षरी

वाचल्याशिवाय कोठेंहि सही करूं नये, हा उपदेश वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला नाहीं असा मनुष्य सुशिक्षितांच्या घरांत सांपडावयाचा नाहीं. परंतु ज्याला वाचतांच येत नाहीं त्यानें काय करावें, याचें उत्तर त्या उपदेशांत नसतें. सावकाराच्या खतावर अंगठा उठविणाऱ्या कुणब्याची आम्ही कींव करतों खरी. पण त्या कींवेच्या पोटांत थोडासा तिरस्कारहि दडलेला असतो. 'अक्षरशत्रु' हा आमचा शब्दच पाहा. ज्या मनुष्याची अक्षरांशीं कधीं गांठच पडली नाहीं, त्याला आम्हीं अक्षरांचा वैरी ठरवून टाकलें आहे! वैर कोणीं कोणाशीं आरंभिलें, याची चौकशी करण्याची तसदी मात्र आम्ही सहसा घेत नाहीं.

हा विचार आमच्या मनांत बळावला तो एका दूरदेशच्या मनुष्याचें चरित्र वाचून. १९११ सालीं काढलेलें त्याचें एक छायाचित्र २०२१ सालीं अमेरिकेंत लिलांवांत १४ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. किंमत छायाचित्राची नव्हती. त्यावर त्याच मनुष्यानें स्वतःच्या हातानें केलेल्या सहीची होती. ही सही इतकी दुर्मिळ, याचें कारण असें कीं तिच्या मालकाला लिहितां येत नव्हतें. आपल्या नांवाचीं अक्षरें तो चित्र काढावें तशीं कष्टानें काढी, आणि शक्य तेथें सहीचें काम बायकोवर सोंपवी. हा मनुष्य म्हणजे जोसेफ जेफर्सन जॅक्सन. बेसबॉलच्या इतिहासांत 'शूलेस जो', म्हणजे बिनजोड्याचा जो, या नांवानें प्रसिद्ध असलेला खेळाडू. आपल्या आयुष्यांत त्यानें जीं थोडींबहुत कागदपत्रें सहीनिशीं पुरीं केलीं, त्यांतील दोहोंनीं त्याचा घात केला. त्याची ही कथा खेळाची आहे, तशीच ती कागदाचीहि आहे.

बेसबॉल आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला नसेल. परंतु क्रिकेट जाणणाऱ्यास तो समजणें कठीण नाहीं. दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी. चेंडू जमिनीवर टप्पा न घेतां थेट फलंदाजाकडे येतो. फलंदाजाच्या हातांतील बॅट सपाट नसून मुसळासारखी गोल असते. चेंडू टोलवून आणि चौकोनाच्या चार ठाण्यांना फेरी घालून गडी परत आला म्हणजे एक धांव झाली. त्या चौकोनाच्या पलीकडे, दूर हिरवळीवर, तिघे क्षेत्ररक्षक उभे असतात. उंच उडालेला चेंडू कोठें येऊन पडेल हें बॅटीच्या आवाजावरूनच ओळखून धांवत सुटणें, हें त्यांचें कसब. जॅक्सन हा या तिघांतला. फलंदाजाचें मोल मापण्याची रीत मात्र क्रिकेटहून निराळी आहे: दर हजार प्रयत्नांत यशस्वी टोले किती, असा तो हिशेब असतो. हजारीं ३०० आले म्हणजे फलंदाज उत्तम. दहांपैकीं सात वेळां अपयश येऊनहि ज्यांत मनुष्य उत्तम म्हणवून घेतो, असा हा खेळ आहे. अपयश पचविण्याची संवय लावण्यास याहून चांगली शाळा कोणती असणार?

जॅक्सनला मात्र हीच एक शाळा मिळाली. त्याचा जन्म दक्षिण कॅरोलायना राज्यांतला. १६ जुलै १८८७ ही त्याची जन्मतारीख सामान्यतः मानली जाते. घरची अत्यंत गरिबी. ग्रीनव्हिल शहरालगत ब्रँडन नांवाची कापडाची गिरणी होती, तिच्या वस्तींत हें कुटुंब राही. घरें गिरणीचीं, दुकान गिरणीचें, आणि दिवसाचे तासहि गिरणीचे. मुंबईच्या गिरणगांवाच्या आठवणी ज्यांच्या घरांत अद्याप जपल्या जातात त्यांना भोंगा, कापसाची धूळ आणि लांबलचक पाळ्या यांचें वर्णन करून सांगावयास नको. ज्या वयांत मुलानें धुळाक्षरें गिरवावयाचीं, त्या वयांत जो गिरणीची जमीन झाडीत होता. बालमजुरीनें तयार झालेला माल राज्याबाहेर पाठविण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें प्रथम केला तो १९१६ सालीं. आणि १९१८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो रद्दहि करून टाकला. यावरून जोच्या बाळपणीं त्या मुलांच्या शिक्षणाची चिंता कोणास किती होती याची कल्पना करावी. जो निरक्षर राहिला असें आपण म्हणतों. त्याला निरक्षर ठेवण्यांत आलें, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

अशा गिरण्यांचे आपापले बेसबॉलचे संघ असत. मजुरांची करमणूक व्हावी, वस्तीचा अभिमान वाढावा आणि असंतोष कमी व्हावा, असे अनेक हेतु त्यांत होते. तेरा वर्षांचा जो मोठ्या माणसांच्या संघांत खेळूं लागला. त्याच्यासाठीं गांवच्याच एका मनुष्यानें हिकरीच्या लांकडाची एक बॅट घडवून दिली. तंबाखूच्या रसानें ती काळी केलेली होती. 'ब्लॅक बेट्सी' हें तिचें नांव पुढें तिच्या धन्याइतकेंच गाजलें. १९०८ सालीं तो ग्रीनव्हिलच्या धंदेवाईक संघांत शिरला. तेथें एकदां नव्या जोड्यांनीं पायांना फोड आले, तेव्हां तो नुसत्या मोज्यांवर खेळला. प्रेक्षकांपैकीं कोणीतरी तें पाहून ओरडला, आणि 'शूलेस' हें विशेषण त्याला जन्माचें चिकटलें. त्याला तें मुळींच आवडत नसे असें सांगतात. आवडावें तरी कां? एका दिवसाच्या फोडांवरून मनुष्याला आयुष्यभर अनवाणी आणि रानवट ठरविणें, ही शहरी लोकांची विनोदबुद्धि आहे. आणि ती केवळ अमेरिकेंतच आढळते असें नाहीं.

त्याच साली फिलाडेल्फियाच्या संघाचे चालक कॉनी मॅक यांनीं त्याला विकत घेतलें. मोठ्या शहराच्या कल्पनेनेंच जो इतका धास्तावला कीं तो मधूनच घरीं पळून येई. संघांतील सोबती त्याच्या बोलण्याची व अडाणीपणाची टर उडवीत. मॅक यांनीं त्याला लिहावाचावयास शिकविण्याची सोय करण्याची तयारी दर्शविली होती आणि त्यानें ती नाकारली, अशी एक गोष्ट प्रचलित आहे. ती खरी असल्यास आम्हांस तिचें नवल वाटत नाहीं. वीस वर्षें उलटून गेलेल्या पुरुषानें, टर उडविणाऱ्या मंडळींच्या देखत, पाटी घेऊन बसावयाचें म्हणजे काय, हें प्रौढशिक्षणाच्या वर्गावर ज्यांनीं काम केलें आहे तेच जाणतील. दोन हंगामांत मिळून तो फिलाडेल्फियाकडून अवघे दहा सामने खेळला.

१९१० सालीं तो क्लीव्हलँडच्या संघांत गेला आणि तेथें त्याचें भाग्य उघडलें. १९११ सालीं, त्याच्या पहिल्या पुऱ्या हंगामांत, त्याची सरासरी हजारीं ४०८ पडली व त्याचे यशस्वी टोले २३३ झाले. इतकें करूनहि त्याचा क्रमांक पहिला आला नाहीं. कारण त्याच वर्षीं डेट्रॉइटच्या टाय कॉब यानें हजारीं ४२० ची मजल गांठली. पुढल्या वर्षीं जोनें ३९५ केले. कॉब पुन्हा त्याच्या पुढें. त्याच्या साऱ्या कारकीर्दींत सरासरीचा पहिला मान त्याला एकदांहि लाभला नाहीं. आणि तरीहि त्याची एकंदर सरासरी हजारीं ३५६ भरते, जी या खेळाच्या साऱ्या इतिहासांत अगदीं मोजक्यांच्या वांट्यास आली आहे. बेब रूथ, जो पुढें या खेळाचा अनभिषिक्त राजा झाला, त्यानें आपली बॅट फिरविण्याची पद्धत जॅक्सनची पाहून उचलली असें स्वतः सांगितलें होतें.

येथें आम्हां सुशिक्षितांनीं थोडें थांबावें. विद्या ती कोणती? अर्ध्या क्षणांत अंगावर येणाऱ्या चेंडूचा वेग, त्याचें वळण आणि त्याची उंची जोखून शरीराचा प्रत्येक स्नायु त्या एका बिंदूवर आणणें, हें ज्ञान नव्हे काय? तें पुस्तकांत नसतें आणि पुस्तकानें शिकवितांहि येत नाहीं. आमच्या गवंड्याच्या ओळंब्यांत, कुंभाराच्या बोटांत, नाखव्याच्या डोळ्यांत तेंच असतें. अडचण एवढीच कीं अशा ज्ञानाची किंमत ठरविणारे, ती कागदावर मांडणारे आणि तिचा करार करणारे लोक निराळ्या विद्येचे असतात. हाताची विद्या असलेला मनुष्य बाजारांत आला कीं त्याला अक्षराच्या विद्येच्या दारांतूनच जावें लागतें. आणि त्या दाराशीं तो आंधळा असतो.

जोच्या निरक्षरपणाच्या अनेक हकीकती सांगतात. उपाहारगृहांत गेल्यावर पदार्थांची यादी हातांत घेऊन तो वाचल्यासारखें करी. शेजारच्यानें कांहीं मागविलें कीं मलाहि तेंच आणा, म्हणे. ही लपवाछपवी ज्याला हास्यास्पद वाटेल त्यानें एकदां अपरिचित लिपीच्या मुलुखांत एकट्यानें प्रवास करून पाहावा. जोची खरी लिपि म्हणजे त्याची पत्नी केटी. १९०८ सालीं त्यांचें लग्न झालें. त्याचीं पत्रें ती वाची, उत्तरें ती लिही, हिशेब ती ठेवी, आणि बहुतेक सह्याहि तीच करी. केटी जवळ असे तोंवर जो साक्षर असे, असें म्हटलें तरी चालेल. ती जवळ नसतांना जें घडलें त्याचीच पुढें कज्जेदलाली झाली.

१९१५ सालीं क्लीव्हलँडच्या मालकानें पैशांच्या अडचणीमुळें जोला शिकागोच्या 'व्हाइट सॉक्स' संघास विकलें. विकलें हा शब्द आम्ही अलंकारानें वापरीत नाहीं. त्या काळच्या करारांत असें एक कलम असे कीं खेळाडूची मुदत संपली तरी त्याच्यावरील हक्क मालकाकडेच राही. मालक देईल त्या पगारावर खेळावें, नाहीं तर खेळ सोडावा; दुसऱ्या संघाकडे जाण्याची मुभा नाहीं. मालकानें मात्र वाटेल तेव्हां दहा दिवसांची सूचना देऊन त्याला काढावें! शिकागोचे मालक चार्ल्स कॉमिस्की यांच्या कंजूषपणाच्या कथा पुढें फार रंगवून सांगितल्या गेल्या. अलीकडे संशोधकांनीं त्या वेळचीं वेतनपत्रकें तपासलीं, तेव्हां व्हाइट सॉक्सचा एकंदर वेतनखर्च इतर संघांच्या मानानें वरच्या पंक्तींतला होता असें दिसून आलें. म्हणून मालक कृपण होता म्हणून नोकर बिघडले, हें सोपें स्पष्टीकरण आम्हांस पत्करतां येत नाहीं. परंतु पगार थोडा कीं फार याहून निराळा असा एक प्रश्न आहे: ज्याला आपली किंमत मागण्याचा अधिकारच नाहीं, त्याच्या निष्ठेला आधार कशाचा? १९१९ सालीं जोचा पगार ६,००० डॉलर होता.

१९१७ सालीं व्हाइट सॉक्सनें अजिंक्यपद मिळविलें. १९१८ सालीं महायुद्धांत जो सैन्यांत न जातां जहाजांच्या कारखान्यांत कामास गेला, म्हणून वृत्तपत्रांनीं त्याला भित्रा ठरविलें. आणि १९१९ चा ऑक्टोबर उजाडला. अजिंक्यपदाची नऊ सामन्यांची मालिका सिनसिनाटीच्या 'रेड्स' संघाशीं होती. व्हाइट सॉक्स जिंकणार याविषयीं कोणालाच संशय नव्हता. आणि जेथें कोणालाच संशय नसतो तेथेंच जुगाऱ्याला पैसा दिसतो. संघांतील कांहीं खेळाडूंनीं जुगाऱ्यांशीं संगनमत करून मालिका हरण्याचें ठरविलें. पहिल्याच सामन्यांत एडी सिकॉट या गोलंदाजानें पहिल्याच फलंदाजाच्या अंगावर चेंडू मारला; बेत पक्का असल्याची ती खूण होती असें मागाहून उघडकीस आलें. रेड्सनीं मालिका पांच सामन्यांस तीन अशी जिंकली.

जॅक्सनचें काय? त्याला २०,००० डॉलरांचें वचन देण्यांत आलें होतें. प्रत्यक्षांत मिळाले ५,०००. ते लेफ्टी विल्यम्स या सोबत्यानें पाकिटांतून त्याच्या खोलींत आणून दिले. म्हणजे जवळजवळ वर्षाचा पगार एका पाकिटांत. केटीला हें कळलें तेव्हां तिला तें अत्यंत अनुचित वाटलें, असें जोनेंच पुढें चौकशींत सांगितलें. पण मैदानावरचा त्याचा खेळ पाहावा तर दोन्ही संघांत त्याच्याइतके टोले कोणाचे नाहींत: १२ टोले, सरासरी हजारीं ३७५, मालिकेंतील एकमेव 'होम रन' त्याचा, आणि क्षेत्ररक्षणांत त्याच्या नांवावर एकहि चूक नाहीं. शंकेखोर लोक म्हणतात कीं गरजेच्या वेळीं, हरलेल्या सामन्यांत, त्याचा हात तितका चालला नाहीं. त्याचे कैवारी म्हणतात कीं सौदा केलेला मनुष्य असा खेळत नाहीं. शंभर वर्षें हा वाद चालला आहे आणि आंकड्यांनीं तो मिटावयाचा नाहीं. कारण आंकडा टोल्याचा असतो, मनाचा नसतो. हात प्रामाणिक राहिले असें क्षणभर धरून चाललें तरी खिसा प्रामाणिक राहिला नाहीं, एवढें निर्विवाद आहे.

कुजबुज वर्षभर चालली. नोव्हेंबर १९१९ मध्यें, शिकागोस येऊन खुलासा करावयास आपण तयार आहों, अशा अर्थाचें पत्र जोच्या वतीनें कॉमिस्की यांस गेलें. अक्षर अर्थात् केटीचें. पण त्याला कोणी बोलावलें नाहीं. चांगला खेळाडू हातचा जाऊं नये ही मालकाची चिंता सत्याच्या जिज्ञासेहून मोठी असावी. उलट १९२० च्या आरंभीं क्लबाचे चिटणीस हॅरी ग्रॅबिनर सव्हाना येथें जोच्या घरीं गेले आणि दर साल ८,००० डॉलर याप्रमाणें तीन वर्षांचा करार त्याच्यापुढें ठेवला. जोनें सही केली. त्या हंगामांत तो हजारीं ३८२ खेळला. पुढें २८ सप्टेंबर १९२० रोजीं सिकॉटनें शिकागोंत चौकशी मंडळापुढें सर्व कबूल केलें आणि त्याच दिवशीं जॅक्सनलाहि तेथें उभें करण्यांत आलें.

तेथें जाण्यापूर्वीं तो कॉमिस्की यांचे वकील आल्फ्रेड ऑस्ट्रियन यांना भेटला होता. स्वतःचा वकील त्याला नव्हता. मालकाचा वकील हा आपलाहि हितकर्ता, असें त्या भाबड्या मनुष्यास वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं. त्याच्यापुढें एक कागद ठेवण्यांत आला. आपल्या जबानीचा आपल्याविरुद्ध उपयोग होऊं नये असें संरक्षण मागण्याचा हक्क आपण सोडीत आहों, असा त्यांतील मजकूर होता. जोला तो वाचतां येत नव्हता. त्यानें सही केली. नंतर पैसे घेतल्याचें त्यानें शपथेवर सांगितलें, आणि आपण सर्व सामने जिंकण्यासाठींच खेळलों असेंहि सांगितलें. त्या दिवशीं न्यायालयाबाहेर एका पोरानें 'जो, हें खोटें आहे असें सांग ना!' म्हणून त्याला विनविलें, ही गोष्ट जगभर पसरली आहे. असें कांहीं घडलेंच नव्हतें असें जो शेवटपर्यंत सांगत असे. वृत्तपत्रांना तें पोर हवें होतें, म्हणून तें जन्मास आलें.

१९२१ सालीं खटला चालला. चौकशी मंडळापुढील कबुलीजबाबांचीं मूळ कागदपत्रें तोंवर दप्तरांतून नाहींशीं झालीं होतीं! २ ऑगस्ट रोजीं ज्यूरीनें सर्व आरोपींस निर्दोष ठरविलें. दुसऱ्याच दिवशीं बेसबॉलचे नवे आयुक्त न्यायमूर्ति केनेसॉ माउंटन लँडिस यांनीं आठहि जणांस कायमची बंदी केली. ज्यूरीचा निर्णय कांहींहि असो, सामना विकणारा किंवा विकण्याची मसलत ऐकून गप्प बसणारा खेळाडू पुन्हा या खेळांत येणार नाहीं, असें त्यांनीं जाहीर केलें. खेळावरील जनतेचा उडालेला विश्वास परत आणण्यास असाच कठोर हात हवा होता, हें आम्ही मान्य करतों. मात्र खेळाच्या शुचितेचे हेच रक्षक १९४४ सालीं मृत्यु पावेपर्यंत अधिकारावर होते, आणि त्यांच्या सर्व कारकीर्दींत एकाहि काळ्या खेळाडूस मोठ्या संघांत पाऊल ठेवतां आलें नाहीं; जॅकी रॉबिन्सन आला तो १९४७ सालीं. सोवळेपणाची ही तऱ्हा आम्हांस अपरिचित नाहीं: एका दारीं विटाळ होऊं नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावयाचें, आणि दुसऱ्या दारीं अन्यायाचा उकिरडा सांठूं द्यावयाचा.

यानंतरचें प्रकरण लोकांस कमी माहीत आहे, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत बोधक आहे. तीन वर्षांच्या करारांतील उरलेल्या दोन वर्षांचा पगार मिळावा म्हणून जॅक्सननें क्लबावर फिर्याद केली. ती १९२४ सालीं मिलवॉकी येथें चालली. वादाचा मुख्य मुद्दा ती सव्हानाची सही. त्या कुप्रसिद्ध दहा दिवसांच्या सूचनेचें कलम या करारांत नाहीं असें ग्रॅबिनर यांनीं मला तोंडीं सांगितलें, त्यावर विश्वासून मी सही केली, केटीला कागद दाखविण्याची सवड मला मिळाली नाहीं, असें जोचें म्हणणें. कलम करारांत होतें, आणि ग्रॅबिनर यांनीं त्याचें म्हणणें नाकारलें. ज्यूरीनें जोवर विश्वास ठेवला आणि त्याला १६,७११ डॉलर मिळावेत असा निर्णय दिला. परंतु त्याच खटल्यांत एक चमत्कार घडला होता. १९२१ सालीं नाहींशी झालेली त्याची जबानी क्लबाच्या वकिलांच्या पेटींतून अचानक बाहेर आली! १९२० सालीं शपथेवर सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी जोनें आतां शपथेवर नाकारल्या होत्या. न्यायाधीश ग्रेगरी यांनीं खोटी साक्ष दिल्याबद्दल त्याला अटक करविली आणि ज्यूरीचा निर्णय रद्द केला. जामिनावर सुटून तो रिकाम्या हातीं घरीं गेला.

आतां निवाडा काय करावा? निरक्षरपणा पुढें करून जोला सर्व दोषांतून मुक्त करण्याची कैवाऱ्यांची प्रवृत्ति आम्हांस मान्य नाहीं. पांच हजार डॉलर कशाचे, हें समजण्यास मुळाक्षरें यावीं लागत नाहींत. गिरणीवस्तींतल्या ज्या मुलांना त्याच्यासारखेंच वाचतां येत नव्हतें त्यांच्यापैकीं शेंकडों जण कोणाच्या पाकिटाला हात न लावतां जगले व मेले. निरक्षर म्हणजे नीतीलाहि अजाण, असें म्हणणें हा दयेच्या वेषांतला अपमानच होय. शिवाय १९२४ सालीं तो खोटें बोलला, याची ढाल त्याच्या अज्ञानांत सांपडत नाहीं. बंदी त्यानें ओढवून घेतली असें आम्हांस वाटतें.

पण निवाड्याचें दुसरें पारडेंहि पाहिलें पाहिजे. ज्यांनीं त्याच्यापुढें कागद ठेवले त्यांना तो वाचूं शकत नाहीं हें पक्कें ठाऊक होतें. सही घेतेवेळीं त्यांनीं त्याला पूर्ण साक्षर, सज्ञान पक्षकार मानलें. आणि त्याच्या बाजूचा प्रश्न निघाला तेव्हां त्याच्या अडाणीपणावर बोट ठेवलें. वहीवर बोट ठेवून कुळाला 'येथें अंगठा कर' म्हणणारा आमच्याकडील सावकार आणि तो शहरी वकील यांच्यांत जातीचा फरक आम्हांस दिसत नाहीं. कायद्यापुढें सर्व समान असतात ही गोष्ट फार चांगली आहे. परंतु कागदापुढें सर्व समान नसतात. जो सही घेतो त्याच्यावर समजावून सांगण्याची जबाबदारी आहे कीं नाहीं, हा प्रश्न मिलवॉकीच्या ज्यूरींतील साध्या नागरिकांना महत्त्वाचा वाटला, आणि आम्हांसहि तो वाटतो. बँकेंत, इस्पितळांत, विम्याच्या कचेरींत बारीक अक्षरांतील मजकूर आज आम्ही सुशिक्षित लोक तरी कितीसा वाचतों? बोट दाखवितील तेथें सही करून मोकळे होतों. त्या क्षणीं आमच्यांत आणि जॅक्सनमध्यें अंतर उरतें तें एवढेंच कीं त्याला वाचतां येत नव्हतें, आणि आम्ही वाचीत नाहीं.

असो. जो पुढें लहानसहान संघांतून खेळत राहिला. कधीं दुसऱ्या नांवानें, कधीं स्वतःच्या. १९२३ सालीं जॉर्जियांतील अमेरिकस नांवाच्या लहानशा गांवचे लोक त्याचा खेळ पाहण्यास लोटत. सव्हानांत त्यानें कपडे धुण्याचा धंदा चालविला. पुढें ग्रीनव्हिलला परत येऊन दारूचें दुकान काढलें. एकदां टाय कॉब त्या दुकानांत गेला. जोनें ओळख दाखविली नाहीं. 'मला ओळखलें नाहींस काय?' असें कॉबनें विचारतां, ओळखलें, पण तुम्हां मंडळींना माझी ओळख हवी असेल असें वाटलें नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें, असें सांगतात. आपल्या गांवांत मात्र त्याला कोणीं वाळींत टाकलें नाहीं. गल्लींतल्या पोरांना तो खेळाचे धडे देई. १९५१ च्या फेब्रुवारींत दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळानें त्याची बंदी उठवावी असा ठराव केला. त्याच वर्षीं १६ डिसेंबर रोजीं दूरचित्रवाणीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमांत त्याचा जाहीर सत्कार व्हावयाचा होता. परंतु ५ डिसेंबर रोजींच हृदयविकारानें त्याचा अंत झाला.

ही बंदी अखेर उठली ती १३ मे २०२५ रोजीं. मृत मनुष्यापासून खेळाला धोका पोंचण्याचा संभव नाहीं, म्हणून कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, असें बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनीं ठरविलें, आणि त्या आठहि जणांचीं नांवें बहिष्कृतांच्या यादींतून निघालीं. ही निर्दोषतेची सनद नव्हे, आणि तशी ती समजण्याचें कारणहि नाहीं. एका माणसाचा हिशेब मृत्यूनंतर त्र्याहत्तर वर्षांनीं बंद करण्यांत आला, एवढाच तिचा अर्थ.

जोचें ग्रीनव्हिलमधील घर मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे नेण्यांत आलें, आणि २००८ सालीं तें लोकांस खुलें झालें. त्याला घरक्रमांक दिला तो ३५६, म्हणजे त्याच्या सरासरीचा आंकडा. या वास्तूच्या नांवांत संग्रहालय या शब्दापुढें आणखी एक शब्द आहे: ग्रंथालय. ज्या घराच्या धन्याला दारावरची पाटीहि वाचतां आली नसती, त्याच्या खोल्यांत आज भिंतींना लागून खेळाविषयींचीं पुस्तकें मांडून ठेवलेलीं आहेत. त्यांतील अनेक त्याच्याविषयींचींच आहेत. केटी असती तर तिनें तीं त्याला वाचून दाखविलीं असतीं.